उताराचा वेग

१९६२ साली ‘एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकाच्या ७० व्या खंडात बारा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक पाच. त्यांत पहिलं नाव हॅरल्ड कॉप यांचं. ते कॅनडातल्या व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. रक्तातलं कॅल्शियम उतरवणारं, पॅराथायरॉइड ग्रंथीतून येणारं कॅल्सिटोनिन नावाचं एक नवं संप्रेरक आहे, त्याचा हा पुरावा, असा शीर्षकाचा आशय. म्हणजे शीर्षकातच तीन दावे आहेत : संप्रेरक नवं आहे, ते कॅल्शियम उतरवतं, आणि ते पॅराथायरॉइडमधून येतं. पहिले दोन टिकले. तिसरा दोनच वर्षांत कोसळला. तरीही शरीरक्रियाशास्त्रातल्या अतिशय देखण्या लेखनात मी या निबंधाची गणना करते. कवितेचा आस्वाद ओळीओळीने घ्यावा तसाच याचा घ्यावा लागतो, कारण त्याचं सगळं सौंदर्य एका आलेखातल्या उतरत्या रेषेत आहे, आणि ती रेषा किती उतरली यापेक्षा किती झपाट्याने उतरली यात आहे.

निबंधाच्या आधी काय माहीत होतं ते थोडक्यात सांगायला हवं. मोठ्या माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात फिरणारं कॅल्शियम ग्रॅमभरही भरत नाही. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ९ ते १० मिलिग्रॅम, बस. कुत्रा, गाय, शेळी यांच्यातही आकडा याच्याच जवळपास. एवढ्याशा कॅल्शियमवर हृदयाचा ठोका, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठणं अवलंबून. कॅल्शियम नसलेल्या मिठाच्या पाण्यात बेडकाचं हृदय थांबतं, हे लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्येच दाखवलं होतं. रक्तातलं प्रमाण घटलं की मज्जातंतू विनाकारण उत्तेजित होतात, स्नायूंना आचके येतात. वाढलं की स्नायू मरगळतात, मूत्रपिंडात खडे धरतात.

हे प्रमाण सांभाळणाऱ्या ग्रंथी गळ्यात असतात, हे कळायला बराच वेळ लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला, त्याचं विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केलं, आणि थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांनी नोंदवून ठेवला. नंतर स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सांडस्ट्रम या तरुणाने १८८० मध्ये माणसांत आणि इतर सस्तन प्राण्यांत या ग्रंथी रीतसर वर्णन केल्या. त्याच्या कामाकडे त्याच्या हयातीत कोणी वळून पाहिलं नाही आणि तो वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला. १९०९ मध्ये बाल्टिमोरला मॅकॅलम आणि फोग्टलिन यांनी या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना कॅल्शियमचे क्षार टोचले आणि त्यांचे आचके थांबवून दाखवले. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी ग्रंथींचा अर्क काढून कॅल्शियम वर आणलं. तिथून पुढे पस्तीस वर्षं सगळ्यांची समजूत एकच : पॅराथायरॉइडचं एक संप्रेरक आहे, कॅल्शियम कमी झालं की ते जास्त सुटतं, पुरेसं झालं की थांबतं. खाली घसरलेलं वर आणायला एक हात, आणि वर गेलेलं खाली यायला नुसती त्या हाताची विश्रांती.

कॉप यांना ही समजूत पटत नव्हती. युद्धकाळात ते बर्कलीला होते आणि किरणोत्सारी द्रव्यं हाडांत कशी जाऊन बसतात यावर काम करत होते. त्यामुळे हाड आणि रक्त यांच्यातली देवघेव त्यांनी जवळून पाहिली होती. कुत्र्याच्या शिरेत कॅल्शियम सोडून रक्तातलं प्रमाण मुद्दाम वाढवलं, तर ते फार लवकर मूळपदावर येतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. नुसत्या विश्रांतीने इतकं नेमकं काम होईल का, हा त्यांचा प्रश्न.

आता तो प्रयोग पाहू. भूल दिलेला कुत्रा. त्याच्या गळ्यातल्या थायरॉइड आणि पॅराथायरॉइड ग्रंथींचा रक्तपुरवठा बाकीच्या शरीरापासून वेगळा केलेला. या ग्रंथींना आता प्रयोगकर्ता देईल तेच रक्त मिळणार : कधी कॅल्शियम घटवलेलं, कधी वाढवलेलं. ग्रंथींनी त्यात जे काही सोडलं ते मात्र कुत्र्याच्या अंगात पोचणार. म्हणजे ग्रंथींना एक परिस्थिती भासवायची आणि त्यांनी दिलेला हुकूम बाकीचं शरीर कसा पाळतं ते पाहायचं. रचना म्हणून हीच गोष्ट मला फार आवडते. सजीव शरीरात कारण आणि परिणाम एकमेकांत इतके गुंतलेले असतात की आधी कोण आणि नंतर कोण हे सांगता येत नाही. इथे एका शस्त्रक्रियेने ते दोन्ही सुटे केले आहेत.

कॅल्शियम घटवलेलं रक्त ग्रंथींतून फिरवलं, शरीरातलं कॅल्शियम वाढलं. अपेक्षितच. कॅल्शियम वाढवलेलं रक्त फिरवलं, शरीरातलं कॅल्शियम उतरलं. हेही जुन्या समजुतीत बसतं : ग्रंथींना वाटलं कॅल्शियम भरपूर आहे, त्यांनी आपलं संप्रेरक थांबवलं, प्रमाण घसरलं. एखादा साधा वाचक इथेच पान उलटेल. पण कॉप यांच्याजवळ तुलनेसाठी दुसरी रेषा होती. ग्रंथी साफ कापून टाकल्या तर कॅल्शियम किती वेगाने उतरतं, याची. आणि कॅल्शियमयुक्त रक्त फिरवल्यावरचा उतार या दुसऱ्या रेषेपेक्षा अधिक तीव्र होता. तो लगेच सुरू झाला आणि अधिक खोल गेला.

या एका तुलनेपाशी थांबावं असं मला दर वेळी वाटतं. भरलेल्या टाकीचा नळ बंद केला की वापरापुरतं पाणी हळूहळू उतरतं. नळ कितीही घट्ट पिळला तरी पाणी त्याहून जलद उतरणार नाही. ते जलद उतरलं, तर तळाशी कोणीतरी दट्ट्या काढला असलाच पाहिजे. ग्रंथी कापून टाकणं म्हणजे संप्रेरक थांबवण्याची परमावधी. त्यापेक्षा जास्त थांबवणं शक्यच नाही. मग ग्रंथी जागेवर असताना कॅल्शियम त्याहूनही वेगाने उतरत असेल, तर त्या ग्रंथी काहीतरी थांबवत नसून काहीतरी सोडत आहेत. कॉप यांना तो पदार्थ हातात मिळालेला नव्हता. तो कोणी शुद्ध केला नव्हता, त्याची घडण ठाऊक नव्हती. फक्त दोन उतारांतला फरक होता, आणि त्या फरकावरून त्यांनी एका न पाहिलेल्या संप्रेरकाला नाव दिलं. अनुमान इतकं नितळ आहे की आकडे विसरले तरी ते डोक्यातून जात नाही.

तिसरा दावा चुकला त्याचं कारणही याच रचनेत आहे. कुत्र्यात पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडला बिलगून असतात, दोन्हींना रक्त एकाच वाटेने येतं. प्रयोगात दोन्ही एकत्रच भिजत होत्या. पदार्थ सुटला हे नक्की, पण कोणत्या ग्रंथीतून, हे ती रचना सांगू शकत नव्हती. कॅल्शियमचा कारभार पॅराथायरॉइडकडे असतो या जुन्या माहितीच्या बळावर कॉप यांनी श्रेय तिच्या पदरात टाकलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हिर्श, गॉतिए आणि मन्सन यांनी उंदरांत पाहिलं की पॅराथायरॉइड ग्रंथी चाकूने कापण्याऐवजी जागच्या जागी जाळल्या, तर कॅल्शियम जास्त झपाट्याने उतरतं. पुन्हा उताराचंच वाचन. जाळताना शेजारच्या थायरॉइडला धग लागत होती आणि तीच काहीतरी सोडत होती. १९६४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने शेळ्या घेतल्या, कारण शेळीत पॅराथायरॉइडची एक जोडी थायरॉइडपासून वेगळी काढता येते. नुसत्या थायरॉइडमधून कॅल्शियमयुक्त रक्त फिरवलं तरी शरीरातलं कॅल्शियम उतरलं. वाद मिटला. थायरॉइडच्या नेहमीच्या पेशींच्या मधे मधे विखुरलेल्या, आता सी-पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींतून ते येतं. कॉप यांनी दिलेलं नाव मात्र टिकलं.

चुकलेल्या शीर्षकाने या निबंधाचं मोल मला कमी झालेलं वाटत नाही, आणि हे मी औदार्याने म्हणत नाही. पदार्थ आहे का आणि तो कुठून येतो, हे दोन निराळे प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर प्रयोगाच्या पोटातून निघालं होतं, दुसऱ्याचं सवयीतून आलं होतं. निबंध बारकाईने वाचला तर कोणतं वाक्य पुराव्यावर उभं आहे आणि कोणतं गृहीतावर, ते दिसतं. विद्यार्थ्यांना वाचायला शिकवायचं तर मी पाठ्यपुस्तकाआधी हा निबंध हातात देईन.

या प्रयोगातल्या ग्रंथींना कॅल्शियम ‘कळलं’ कसं, याचं उत्तर तीस वर्षांनी मिळालं. १९९३ मध्ये एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या पॅराथायरॉइडमधून कॅल्शियम ओळखणाऱ्या ग्राहीचा जनुक शोधला. पेशीच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन बाहेरच्या कॅल्शियमचं प्रमाण जोखतं. तोच ग्राही सी-पेशींवरही आहे. कॅल्शियम वाढलं की पॅराथायरॉइडमध्ये तो स्राव थांबवतो आणि सी-पेशींत तोच ग्राही स्राव सुरू करतो. कॉप यांच्या कुत्र्यात एकाच रक्ताने एकाच वेळी या दोन्ही गोष्टी घडत होत्या, म्हणून उतार इतका तीव्र झाला. १९६२ च्या रेषेचा अर्थ १९९३ मध्ये पुरा झाला, असं मी मानते.

निबंधाची एक मर्यादा आहे, आणि ती वेळेची आहे. टेबलावरचा प्रयोग काही तासांचा. त्या तासांत संप्रेरकं दिसतात, ड जीवनसत्त्व दिसत नाही. पॅराथायरॉइडचं संप्रेरक मिनिटांच्या हिशेबाने चालतं : मूत्रपिंडाला लघवीतून निसटणारं कॅल्शियम परत घ्यायला लावतं, मग तासांच्या हिशेबाने हाडांतून कॅल्शियम सुटायला लागतं. त्याचं तिसरं काम सर्वांत संथ. ड जीवनसत्त्व यकृतात एकदा बदलून रक्तात वाट पाहत असतं. त्याला मूत्रपिंडात शेवटचा आकार मिळतो तो या संप्रेरकाच्या हुकमाने. असं तयार झालेलं ड आतड्याच्या पेशींत शिरतं आणि अन्नातलं कॅल्शियम आत घेणारी प्रथिनं बनवून घेतं. त्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे ड हे जीवनसत्त्व असूनही शेवटी संप्रेरकासारखंच वागतं.

त्याचा शोधही कुत्र्यांतच लागला. १९१९ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पिल्लांना ओटची लापशी देऊन घरात कोंडून ठेवलं, तर त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, तो बरा झाला. उन्हाचा भाग त्यांनी फारसा विचारात घेतला नाही आणि तरी ते फसले नाहीत, कारण कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड पुरेसं बनतच नाही. कुत्र्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. गाय किंवा माणूस उन्हात उभा राहून ते मिळवू शकतो. मेलनबींनी दुसरा प्राणी निवडला असता तर ऊन आणि तेल यांचा गुंता सुटायला आणखी वर्षं गेली असती.

मिनिटं, तास, दिवस अशा तीन वेगांनी चालणारी ही व्यवस्था कुठे उघडी पडते, ते पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही दूधपट्ट्यात ते दिसतं. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय विते. चीक निघतो, घरात खरवस शिजतो, शेजाऱ्यांकडे तांब्याभर चीक जातो. दुसऱ्या दिवशी गाय बसते ती उठत नाही. मान एका अंगाला वळवून तोंड कुशीवर टाकलेलं. कान गार, नाकाड कोरडं, रवंथ बंद, पोट फुगायला लागलेलं. थर्मामीटर लावला तर पारा नेहमीपेक्षा खालीच. हा दुग्धज्वर. डॉक्टर येतात, मानेच्या शिरेत सुई घालून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावतात, आणि एक हात नळीवर ठेवून छातीवरच्या स्टेथोस्कोपने ठोके ऐकत राहतात, कारण घाई केली तर तेच कॅल्शियम हृदय थांबवतं. बाटली सरत येते तशी गाईच्या अंगावर थरथर उठते, ढेकर येतो, शेण पडतं. थोड्या वेळाने ती मागचे पाय रोवून उभी राहते. पशुवैद्यकात इतका लगेच दिसणारा गुण फार थोड्या औषधांचा असेल.

आकडे पाहिले की आश्चर्य वाटतं. चिकाच्या एका लिटरात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. १० लिटर चीक काढला तर २० ग्रॅमहून जास्त गेलं. त्या गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून असतं ३ ग्रॅमच्या आसपास. हाडांत मात्र काही किलो पडून आहे. साठ्याची कमतरता अजिबात नाही, कमतरता आहे ती वेळेची. कासेकडे कॅल्शियम तासांत जातं आणि हाड व आतडं यांना पुरतं जागं व्हायला दिवस लागतात. जनावर म्हातारं असेल तर आणखी उशीर. म्हणून व्यायच्या आधीच्या दिवसांत गाईला कॅल्शियम भरपूर चारणं घातक ठरतं, हे उफराटं वाटणारं सत्य बोडा आणि कोल यांनी कॅलिफोर्नियात १९५४ मध्ये सिद्ध केलं. आटवलेल्या, गाभण गाईला कमी कॅल्शियमचा चारा दिला तर पॅराथायरॉइड आधीपासूनच कामाला लागलेली असते. आपल्याकडे मायेपोटी गाभण गाईपुढे लसूणघासाचा भारा टाकतात. त्यात कॅल्शियम जास्त आणि पोटॅशियमही जास्त. पोटॅशियमने शरीर अल्कधर्मी होतं आणि पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाला हाड-मूत्रपिंड नीट दाद देत नाहीत. घास व्याल्यानंतर द्यावा.

कॅल्शियमच्या बाटलीआधी या आजारावर एक विलक्षण उपाय होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधल्या अँडरसन नावाच्या पशुवैद्याने सडांतून कासेत हवा भरली आणि गाई उठल्या. कुठे कुठे तर सायकलच्या पंपाने हे करत. कास ताठ झाली की दूध उतरणं थांबतं, दूध थांबलं की कॅल्शियमची गळती थांबते. कारण कळायला १९२५ उजाडावं लागलं. त्या वर्षी एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमच्या तुटीचा अंदाज मांडला, आणि त्याच वर्षी लिटल आणि राइट यांनी रक्त तपासून तूट मोजली.

कॉप यांचा निबंध आल्यावर दुग्धज्वराचं खापर कॅल्सिटोनिनवर फोडण्याचाही प्रयत्न झाला. कल्पना आकर्षक होती : ऐन वेळी कॅल्शियम उतरवणारं संप्रेरक जास्त सुटत असेल. ती टिकली नाही. खरा दोष वर आणणाऱ्या व्यवस्थेच्या संथपणात निघाला.

मग कॅल्सिटोनिन करतं तरी काय? कॉप या प्रश्नाच्या मागे मासे आणि पक्ष्यांपर्यंत गेले. सस्तन प्राण्यांत थायरॉइडमध्ये विरून गेलेल्या सी-पेशी माशांत आणि कोंबड्यांत एका स्वतंत्र ग्रंथीत राहतात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सॅमन मुबलक. सॅमनच्या त्या ग्रंथीतलं कॅल्सिटोनिन माणसाच्या शरीरात माणसाच्या स्वतःच्या कॅल्सिटोनिनपेक्षा कितीतरी पटीने प्रभावी निघालं, आणि हाडांच्या विकारांवर ते औषध म्हणून वापरात आलं. माशांना पॅराथायरॉइड ग्रंथीच नसते. भोवतालच्या पाण्यातून कल्ले कॅल्शियम घेतात. २००४ मध्ये ओकाबे आणि ग्रॅहम यांनी दाखवलं की कल्ले आणि पॅराथायरॉइड घडवण्यात एकच जनुक लागतो. पाण्यातून कॅल्शियम घेणारा अवयव आणि जमिनीवर हाडांतून कॅल्शियम काढणारी ग्रंथी यांचं मूळ एकच असावं, हा त्याचा अर्थ. शरीरविज्ञानात याहून सुंदर नातं मी वाचलेलं नाही.

माणसात मात्र चित्र बुचकळ्यात टाकणारं आहे. थायरॉइड पूर्ण काढलेल्या, पण पॅराथायरॉइड शाबूत असलेल्या रुग्णांचं कॅल्शियम बिघडत नाही. सी-पेशींच्या कर्करोगात कॅल्सिटोनिन अफाट वाढतं, तरीही रक्तातलं कॅल्शियम बहुधा जागेवरच असतं. कॉप यांच्या कुत्र्यातला तो तीव्र उतार खरा होता, पण रोजच्या जगण्यात मोठ्या माणसाला त्याची गरज क्वचितच पडते, असं आज मानावं लागतं. गरज कुठे पडत असेल, याचा एक धागा २००६ मधल्या एका अभ्यासात आहे. कॅल्सिटोनिनचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांनी पिलांना पाजलं तेव्हा त्यांच्या मणक्यांतलं निम्म्याहून अधिक खनिज गेलं. जनुक शाबूत असलेल्या माद्यांचं गेलं ते पाव हिश्शाच्या आसपास. पिलं दूध सोडून खायला लागल्यावर दोन्ही गटांतल्या माद्यांची हाडं साधारण तीन आठवड्यांत पुन्हा भरून आली.